उरते ते हाड

नरकचतुर्दशीच्या पहाटे वडिलांच्या अंगाला तेल चोळण्याचे काम आमच्या नेकनूरच्या घरी माझ्याकडे असे. दादांच्या उजव्या नडगीवर सुपारीएवढी एक गाठ होती. तेलाचा अंगठा तिच्यावरून गेला की ते पाय आखडून घेत. 'दुखते का?' असे विचारण्याची हिंमत मला कधी झाली नाही. दादा कठीण माणूस.

पुढे त्यांच्या अस्थी घेऊन मी राक्षसभुवनला गोदावरीवर गेलो. गाडग्यात पांढरट, ठिसूळ तुकडे होते. रसायनशास्त्राच्या भाषेत कॅल्शियमचे फॉस्फेट. एवढ्या मोठ्या माणसाचे एवढेच उरले, आणि तेही त्यांच्यातले सर्वांत कठीण तेवढे. जे कठीण असते तेच उरते. मग तेच खरे मानावे काय? हा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे मनात घोळत राहिला.

माझी पुतणी भूशास्त्र शिकते. गेल्या सुट्टीत तिने मला कोन्युलेरिया नावाच्या प्राण्याचे चित्र दाखवले. हा जेलीफिशचा नातलग. जेलीफिश म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर भरतीने टाकून दिलेला तो पारदर्शक गोळा. हाड नाही, कवच नाही, उन्हात पाण्याचे पाणी! त्याच्या या भाऊबंदांनी मात्र सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी समुद्रात घरे बांधली. घर चार कोनांचे, टोकावर उभ्या केलेल्या मनोऱ्यासारखे. प्रवाळाने बांधकामाला चुना घेतला. याने फॉस्फेट घेतले, आपल्या हाडांत असते त्याच जातीचे. (पेरणीच्या तोंडावर शेतकरी ज्या डीएपीच्या पोत्यासाठी रांगेत उभा राहतो, त्यातही फॉस्फेटच!) फॉस्फेटचा कागदाहून पातळ थर, त्यावर सेंद्रिय पदार्थाचा, पुन्हा फॉस्फेटचा, त्यामुळे घर कठीण असूनही थोडे लवत असे.

आमच्या रानात हा प्राणी सापडायचा नाही. नेकनूरखालचा काळा पाषाण लाव्हारसाचा, जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. आणि हा वंश तर २० कोटी वर्षांपूर्वीच संपला. आता पाकिस्तानात असलेल्या मिठाच्या डोंगररांगेत मात्र त्याचे इतके अवशेष निघाले की एका थराला 'कोन्युलेरिया थर' असेच नाव पडले. तरी गंमत अशी, की घरे सापडली, घरात राहणारा जवळजवळ कधीच सापडला नाही. मऊ होता, विरून गेला. तो गोगलगायींच्या गोतातला की जेलीफिशच्या, यावर पंडितांचा वाद कितीतरी वर्षे चालला. आपणही गेलेल्या माणसांविषयी असेच वाद घालतो. आणि पुष्कळदा भिंती पाहून आत राहणाऱ्याचा स्वभाव ठरवतो. मी तेच केले होते.

मग पुतणीने दुसरे चित्र पुढे केले. कवचाला चीर गेलेली, आणि वेड्यावाकड्या रेघांनी ती सांधलेली. खालचे टोक तुटले तर हा प्राणी आतून आडवी भिंत घाली आणि पुढे जगे, असे अभ्यासक मानतात. त्या सांध्याकडे पाहताना माझ्या अंगठ्याला तेलाचा स्पर्श आठवला. जे उरते ते मुके नसावे. त्याला काय विचारायचे हे आपल्याला सुचले नसावे.

दुसऱ्या दिवशी मी आत्याकडे गेलो. आत्या आता ऐंशीच्या पुढची आहे.

"तुला ठावं न्हाई व्हय?" ती म्हणाली. "बाहत्तरच्या दुष्काळात दादा खडी फोडायला जायचा. तिथं दगुड पडला पायावर. हाडवैद्यानं म्हैनाभर हलू नको म्हणून सांगितलं. ह्यो आठव्या दिवशी फडकं गुंडाळून कामावर! हजेरी बुडली तर खायाचं काय? तू सहा म्हैन्याचा होतास."

"मग दुखत नव्हते?"

"दुखायचं तर. रातच्याला कण्हायचा. तू जागा होशील म्हणून तोंडात धोतराचा सोगा धरायचा."

ती गाठ मी अठरा दिवाळ्या चोळली होती.