अहंकाराचं बटण

अहंकार सोडावा, असं आपल्याकडे सगळेच सांगतात. किती सोडावा, हे मात्र कुणी सांगत नाही. पाव सोडावा, अर्धा सोडावा, की कपडे पिळतात तसा शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढावा? हा प्रश्न मला कीर्तनात पडला नाही, की गीता वाचताना पडला नाही. पडला तो घरी एका व्हॉल्व्हचा शॉर्टवेव्ह रेडिओ बांधताना.

आजच्या काळात व्हॉल्व्हचा रेडिओ बांधणं म्हणजे दारात स्कूटर असताना टांग्यासाठी घोडा पाळणं. "अहो, दुकानात तयार मिळतो की!" असं सौ. म्हणालीच. मिळतो ना. पण दुकानातल्या लाडवाला 'हा मी वळलाय' असं म्हणता येत नाही, एवढं तिला ऐकवून मी चोरबाजाराची वाट धरली. तिथे करंगळीएवढा, काचेचा १टी४ व्हॉल्व्ह मिळाला. याच्या तारेला तापायला दीड व्होल्टचा एक सेल पुरतो, पण प्लेटला भारी दाब लागतो. तेव्हा नऊ व्होल्टच्या नऊ बॅटऱ्या एकीला एक जोडून ८१ व्होल्ट केले. (ओला हात लागला की अहंकार तात्पुरता उतरतो.) प्लास्टिकच्या पाइपाच्या तुकड्यावर तांब्याच्या तारेचे वेढे घेतले, जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर बसवला आणि गच्चीवर धुण्याच्या दोरीशेजारी एरियल ताणली.

आता एकटा व्हॉल्व्ह तो ऐकून ऐकून किती ऐकणार? म्हणून एक युक्ती असते. त्याच्यातून मोठी होऊन बाहेर पडलेली लहर थोडीशी मागे फिरवून पुन्हा त्याच्याच तोंडी द्यायची. तीच लहर तो आणखी मोठी करतो. याला रीजनरेशन म्हणतात. साध्या मराठीत सांगायचं, तर आपलं कौतुक आपणच ऐकणं! ते किती ऐकायचं, हे ठरवायला एक बटण असतं.

बटण शून्यावर ठेवा. रेडिओ परम विनम्र, आणि जवळजवळ बहिरा. हळूहळू फिरवा. आधी खरखर, मग ३१ मीटरवर चिनी केंद्राची बाई, मग कुठलंसं अरबी गाणं. आणखी केसभर फिरवा, की आवाज असा उजळतो, की बोलणाऱ्याचा श्वाससुद्धा कळावा. आणि त्याच्यापुढे केसभर? कुईंऽऽ! आता रेडिओ जगाचं ऐकत नाही, स्वतःच गाऊ लागतो. इतकंच नव्हे, तर एरियलमधून ती शिट्टी शेजाऱ्याच्या रेडिओतही शिरते. १९२०च्या दशकात ब्रिटनमध्ये या शिट्ट्यांनी इतका उच्छाद मांडला, की बीबीसीला श्रोत्यांच्या विनवण्या कराव्या लागल्या.

ही युक्ती १९१२ साली एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन विद्यार्थ्याला सुचली. १९१४ मध्ये त्याला पेटंट मिळालं. ली डी फॉरेस्ट म्हणाला, "ती माझी!" हा दावा १९३४ पर्यंत चालला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं डी फॉरेस्टच्या बाजूनं निकाल दिला. आर्मस्ट्राँग इतका दुखावला, की याच शोधासाठी इंजिनिअरांच्या संस्थेनं दिलेलं पदक परत करायला निघाला. संस्थेनं ते घेतलं नाही. शोध तुझाच, असंच जणू सांगितलं.

'कशाला एवढा मीपणा? सोडून द्यायचं!' असं आपण आरामखुर्चीत बसून म्हणू शकतो. पण 'हे मीच करीन' असं ज्याला वाटत नाही, तो रात्र रात्र जागून तारा जोडत बसेल कशाला? शिट्टी मारणारा मीपणा आणि दूरदेशीचा बारीक आवाज पकडणारा मीपणा एकच. दोघांमध्ये अंतर केसाचं.

ही केसाची जागा एकदाच सापडली, आता तिथे खूण करून ठेवू, असंही चालत नाही. स्टेशन बदललं की ती सरकते, बॅटरी उतरली की सरकते, नुसता हात जवळ नेला तरी सरकते. म्हणून 'किती सोडावा' याला माझं उत्तर एवढंच, की बटणावरचा हात सोडू नये.

अर्थात सगळ्यांचाच हात आपापल्या बटणापर्यंत पोचतो असं नाही. पाहुण्यांपुढे मी या रेडिओचं पुराण लावलं, की सौ. स्वयंपाकघराच्या दारातून दोन बोटं फिरवून मला खूण करते. डावीकडे.