कामसाधने आणि वात्स्यायनाचे निर्बंध

कामसुखासाठी कृत्रिम साधन वापरणे धर्माला धरून आहे काय, हा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. वात्स्यायनाच्या सुमारे तिसऱ्या शतकातल्या ‘कामसूत्रा’च्या सातव्या अधिकरणात अशा साधनांना ‘अपद्रव्ये’ म्हटले असून ती सोने, चांदी, तांबे, हस्तिदंत, शिंग यांची असत. बाभ्रव्य या पूर्वाचार्याच्या अनुयायांना मऊ आणि थंड म्हणून कथील व शिसे पसंत होते. वात्स्यायन लाकडाची भर घालतो आणि ज्याला जे मानवेल ते निवडू देतो. शिसे विषारी असते, हे आज माहीत असल्याने बाभ्रव्यांचा सल्ला टाकूनच द्यावा लागतो.

वात्स्यायनाच्या मते शरीर टिकण्यासाठी काम अन्नाइतकाच गरजेचा आहे. त्यात दोष असतात, पण हरणे येतील म्हणून कोणी जव पेरायचे सोडत नाही. साधनाला तो पाप ठरवत नाही. जबाबदारी वापरणाऱ्यावर टाकतो. वाजीकरणाच्या, म्हणजे कामशक्ती वाढवण्याच्या, योगांना त्याने घातलेले निर्बंध तर आजच्या साधनांनाही तंतोतंत लागू पडतात: संशयास्पद, शरीराला अपायकारक, जीवहत्येतून आलेले किंवा अशुद्ध द्रव्याचे काही वापरू नये, माहिती आयुर्वेदातून आणि भरवशाच्या जाणकारांकडून घ्यावी.

ज्याचे साहित्य विक्रेता सांगत नाही, ते साधन आज संशयास्पद मानावे. सच्छिद्र प्लास्टिकमध्ये जंतू राहतात. वैद्यकीय दर्जाचे सिलिकॉन किंवा स्टील नीट धुता येते. सिलिकॉनच्या साधनासोबत पाण्याचे वंगण बरे, कारण सिलिकॉनचे वंगण त्याचा पृष्ठभाग बिघडवू शकते. तेलकट वंगणाने लेटेक्सचा कंडोम कमकुवत होतो. गुदद्वारासाठीच्या साधनाचे बूड रुंद नसेल तर ते आत अडकू शकते आणि रुग्णालय गाठावे लागू शकते. दर वापरानंतर साबणाने धुणे, दोघांत एकच साधन असल्यास त्यावर नवा कंडोम चढवणे आणि दुखू लागताच थांबणे, हे शुचितेचे व अहिंसेचे साधे आचरण होय. अशा साधनांच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ 3533 हे आंतरराष्ट्रीय मानक 2021 मध्ये आले.

संमतीबाबत मात्र ग्रंथ अपुरा पडतो. नवविवाहितांनी पहिल्या तीन रात्री संयम पाळावा आणि वधूचा विश्वास हळुवारपणे मिळवावा, असे तो सांगतो. पण बळाने केलेल्या विवाहालाही त्यात जागा आहे. ती जागा आज नाकारलीच पाहिजे. जोडीदाराचा नकार, मग तो विवाहातला का असेना, अंतिम मानावा. एखादी गोष्ट शास्त्रात आहे म्हणून ती करावीच असे नाही, हे वात्स्यायनानेच बजावले आहे.