मुक्याचे देणे

आपल्या दिवाळीचा पहिला दिवा लागतो तो गाईवासरापुढे. वसुबारसेच्या संध्याकाळी घरची सुवासिनी सवत्स धेनूच्या पायांवर पाणी घालते, कपाळाला हळदकुंकू लावते आणि मग सणाला आरंभ होतो. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज हे सारे मागून येते. या क्रमात आपल्या पूर्वजांनी काही शहाणपण ठेवले आहे असे मला नेहमीच वाटत आले आहे. परंतु त्याबरोबर एक शंकाही येते. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो. त्यांची पूजा करणे सोपे आहे. ज्याच्याकडून दूध नाही, राखण नाही, हाकेला धड ओसुद्धा नाही, अशा जिवाचे आपण काय लागतो? उदाहरणार्थ, ससा.

गोष्टींत आपण सशाला भरपूर जागा दिली आहे. पंचतंत्रातला ससा सिंहाला विहिरीत उडी घ्यायला लावतो. दुसरा एक आभाळ पडले म्हणून धावत सुटतो. तिसऱ्याला आपण थेट चंद्रावर नेऊन बसविले आहे. अलीकडे तो गोष्टींतून उतरून आपल्या ओसरीवर आणि सदनिकेच्या सज्जातही आला. हा पाळीव ससा आपल्या रानातला नव्हे. रानातला काळ्या मानेचा ससा उघड्यावर राहतो, आणि त्याला घरी धरून आणणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या विरुद्ध आहे. पांढरा, तांबड्या डोळ्यांचा जो ससा मुले मांडीवर घेतात त्याचे मूळ युरोपात, स्पेन-पोर्तुगालच्या बाजूला. तिकडे तो जमिनीत बिळे करून राही. म्हणजे तो आपल्याकडे पाहुणा आहे, आणि तोही न विचारता आणलेला.

गेल्या वर्षी माझ्या सहावीच्या वर्गातील एका मुलीच्या घरी सशाचे दोन महिन्यांचे पिल्लू होते. शेजारच्या मांजराने एका रात्री त्याच्या पाठीत दात रोवला. सकाळी घरात जी धावपळ झाली ती तिने मला मधल्या सुट्टीत सांगितली. आजी हळदीची वाटी घेऊन आली. बाबांनी स्पिरिटची बाटली काढली. काकांची दाढ मागच्या महिन्यात दुखली होती. त्या वेळच्या उरलेल्या कॅप्सुलांपैकी एक फोडून पाण्यातून पाजावी असे त्यांनी सुचविले. तिघांचाही जीव त्या पिल्लासाठी तुटत होता. परंतु तिघांचे एकमत होईना, आणि त्या सकाळी पिल्लू वाचले ते बहुधा त्यामुळेच. शेवटी मुलीने हट्ट धरला व बुटांच्या खोक्यात मऊ फडके अंथरून त्याला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले.

पुढे त्या डॉक्टरांची माझी गाठ पडली. त्यांनी जे सांगितले ते ऐकून मी थोडा वेळ गप्पच बसलो. हळदीची काय किंवा कोणतीही भुकटी जखमेत घट्ट बसते, खाली पू धरतो, आणि ससा ती चाटतो. स्पिरिटने जंतू मरतात तशी कोवळी कातडीही मरते. काकांची कॅप्सूल तर सर्वांत घातकी. ॲमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या घराण्यातले औषध. पेनिसिलिनचा गुण १९४० मध्ये ऑक्सफर्डला प्रथम उंदरांवर पारखला गेला आणि त्याने पुढे लक्षावधी माणसे जगविली. तेच सशाच्या तोंडावाटे गेले की त्याच्या आतड्यातले उपकारक जंतू मरतात, विषारी जंतू माजतात, आणि ससा दगावतो. आपण खाजेवर चोळतो ती स्टिरॉइडची मलमेही त्याला सोसत नाहीत.

मग घरी करायचे काय? ते थोडे आहे, पण नेमके आहे. पिल्लाला टॉवेलात गुंडाळून धरावे आणि मागच्या पायांना खालून आधार द्यावा. कारण लटकते पाय जोराने झाडताना ससा स्वतःचाच कणा मोडून घेतो. कान धरून तर कधीच उचलू नये. रक्त येत असेल तर स्वच्छ फडके जखमेवर पाच-दहा मिनिटे दाबून धरावे, मधेमधे उचलून पाहू नये. अर्ध्या किलोच्या पिल्लाच्या अंगात रक्त असते सुमारे तीस मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे. त्यातले चार थेंब गेले काय आणि एक चमचा गेला काय, हे आपल्या मापाने मोजून चालत नाही. अर्धा लिटर पाणी उकळून त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालावे, आणि ते कोमट झाले की त्याने जखम धुवावी. सगळे पिल्लू भिजवू नये. पोव्हिडोन आयोडीन वापरायचे तर पाणी घालून फिक्या चहाच्या रंगाचे करावे. अंगाखाली कोरडे, स्वच्छ फडके ठेवावे आणि माशी बसू देऊ नये. ओल्या जखमेवर माशीने घातलेल्या अंड्यांतून दिवसाच्या आत अळ्या निघतात.

आणि मांजराचा दात लागला असेल, जखम खोल असेल, तर हे सारे दवाखान्यात पोचेपर्यंतचे. दाताचे भोक दिसते मोहरीएवढे, पण विष आत खोल जाते. सशाचा पू माणसाच्या पुवासारखा पातळ नसतो. तो घट्ट असतो आणि फोड फोडून निचरून जात नाही. तेथे घरच्या सुईचे काम नाही.

त्या मुलीने मला विचारलेला प्रश्न मात्र वेगळाच होता. “गुरुजी, एवढे लागले तर तो रात्री ओरडला का नाही?”

उत्तर तसे सोपे आहे. ज्यांची शिकार होते त्या प्राण्यांना दुःख लपविण्याची सवय असते. कण्हणारा ससा कोल्ह्याला आधी सापडतो. म्हणून ससा जिवावर बेतल्याशिवाय किंकाळी फोडत नाही. तो फक्त खाणे सोडतो, अंग चोरून कोपऱ्यात बसतो, दात करकर चावतो. पिल्लाने अर्धा दिवस काही खाल्ले नाही, लेंड्या थांबल्या, की समजावे गोष्ट हाताबाहेर चालली. आणखी एक गोष्ट मला डॉक्टरांकडून कळली. सशाला उताणे निजविले की तो निपचित पडतो, आणि आपण म्हणतो, “पाहा, कसा छान झोपला!” ती झोप नसते, भीतीने आलेली ताठर शांतता असते. ज्याला आपण समाधान समजतो ते त्याचे भय असते.

येथे प्रश्न सशापुरता राहत नाही. आपली दया आवाजाच्या मागून चालते. वर्गात भोकाड पसरणाऱ्या मुलाकडे मास्तर आधी जातो. मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेल्याकडे उशिरा जातो, कधी जातच नाही. घरातही ‘माझे काही दुखत नाही’ म्हणणाऱ्या आईचे दुखणे सर्वांत शेवटी कळते. जो ओरडत नाही त्याला दुःख नाही, हा आपल्या साऱ्या व्यवहाराचा न लिहिलेला नियम आहे. ससा तो नियम खोटा पाडतो. त्याच्यापाशी कान उपयोगाचे नाहीत, तेथे डोळे हवेत. त्या मुलीने डॉक्टरांच्या सांगण्यावरून एक वही केली होती. तीत ‘सकाळी सात : गवत खाल्ले. लेंड्या अकरा. दुपारी दोन : पाणी प्याला. लेंड्या सहा’ अशा ओळी होत्या. प्रेमाची पुष्कळ वर्णने मी वाचली आहेत, कादंबऱ्यांतून थोडी लिहिलीही आहेत. त्या वहीइतके खरे वर्णन मला साधलेले नाही.

यावर एक व्यवहारी माणूस म्हणेल, “अहो, सशाच्या किमतीपेक्षा इंजेक्शनची किंमत जास्त. तेवढ्यात दुसरा ससा येईल.” हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ज्या घरात म्हाताऱ्याचा चष्मा महिनाभर लांबणीवर पडतो त्या घराला हा हिशोब करावाच लागतो. परंतु हिशोबच करायचा तर पुरा करू. सशाला देवाने शिंगे दिली नाहीत, विषारी दात दिले नाहीत; दिले ते पाय आणि बीळ. मांजर आले तर पळायचे, लागले तर बिळात शिरायचे. आपण त्याला पिंजऱ्यात ठेवले त्या दिवशी त्याचे पाय आपण घेतले आणि बीळही आपण घेतले. तळाची जाळी रुतून त्याच्या टाचांना जखमा होतात. ती जाळीही आपणच बसविली. आता त्याचे पाय आपण व्हायचे, बीळही आपणच व्हायचे. याला मी दया म्हणणार नाही. हे देणे आहे, आणि देणेकऱ्याने धनकोची किंमत विचारायची नसते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही हेच साध्या भाषेत सांगितले आहे : जनावर ज्याच्या ताब्यात असेल त्याने त्याच्या स्वास्थ्यासाठी, आणि त्याला विनाकारण वेदना होऊ नयेत म्हणून, शक्य ते सर्व उपाय करावेत.

जखमांच्याच खात्यात आणखी एक जुने देणे आहे. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चरने जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर लस दिली व तो वाचला. ती लस केली होती श्वानदंशाच्या रोगाने मेलेल्या सशांचे मज्जारज्जू वाळवून. ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण करताना वैद्यकालाही हा प्रश्न विचारला आहे, की एक जीव वाचविण्यासाठी दुसरा मारणे ही कसली अहिंसा? मला पाश्चरला दोष देता येत नाही. माझे मूल कुत्र्याने चावले असते तर मीही त्याच्या दाराशी गेलो असतो. परंतु १९४४ मध्ये अमेरिकेत ड्रेझ नावाच्या शास्त्रज्ञाने सशाच्या डोळ्यांत द्रव्ये घालून पाहण्याची जी कसोटी रूढ केली, ती पुढे शाम्पू आणि प्रसाधने यांसाठीही वर्षानुवर्षे चालली. तेथे मूल वाचविण्याचा प्रश्न नव्हता. आपल्या देशाने प्रसाधनांसाठी प्राण्यांवर असे प्रयोग करण्यास २०१४ मध्ये बंदी केली. ससा ओरडत नाही, याचा माणसाने किती काळ फायदा घेतला हे यावरून दिसते.

कधी कधी मात्र जखम बरी होण्यापलीकडची असते. १९२८ मध्ये साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असह्य यातनांत होते. गांधीजींनी डॉक्टरांकडून त्याला इंजेक्शन देऊन मरण दिले आणि देशभर वाद उसळला. त्या वादाचा निकाल मी लावू शकत नाही. एवढे मात्र खरे, की गांधीजींनी तो निर्णय वासराजवळ उभे राहून घेतला. तेथवर जाण्याची ज्याची तयारी आहे, त्यालाच असा प्रश्न सोडविण्याचा अधिकार.

दया आणि देणे यांत मला फरक दिसतो तो असा. दया सैल असते. मनाला येईल तेव्हा, येईल तेवढी करावी, आणि करून झाल्यावर आपल्यालाच बरे वाटावे. देणे मोजून द्यावे लागते, वेळेवर द्यावे लागते, आणि ज्याचे त्याला पोचले की नाही हे पाहावे लागते. आजीची हळद, बाबांचे स्पिरिट, काकांची कॅप्सूल ही दया होती. मिठाचे पाणी, फिका चहा, लेंड्यांची वही हे देणे होते. ज्ञानदेव त्याच विवरणात अहिंसकाच्या हातांविषयी बोलतात : ते हात आर्ताला स्पर्श करतात तोही अगदी हळुवार. हळुवारपणा हा नुसता मनाचा गुण नसावा. कुठे दाबावे आणि कुठे हात आवरावा याचे ते ज्ञान असावे.

ते पिल्लू बरे झाले. पाठीवर बोटाएवढी जागा केसांविना राहिली आहे. या दिवाळीत मुलगी त्याचा पिंजरा फटाक्यांच्या आवाजापासून दूर, आतल्या खोलीत ठेवणार आहे, कारण दचकलेला ससा जाळीवर आपटून नव्या जखमा करून घेतो. आपल्याही घरात, शेजारात असा एखादा मुका जीव असेल. त्याच्यासाठी चार फटाके कमी उडवले तर सणाला काही उणे येत नाही. दया करणारा उभा राहून खाली पाहतो. पण सशाची जखम पाहायची तर जमिनीवर मांडी घालूनच बसावे लागते.