बाबेलांत राहिलेल्यांविषयीं मुलांस काय सांगावें?

यहूदी लोक बंदिवासांतून मायदेशीं परतले, ही कथा आमच्या शब्बाथशाळांतून वारंवार शिकविली जाते. ती ऐकतांना एखादें मूल हटकून विचारतें, "गुरुजी, सगळेच कां नाहीं गेले?" तेव्हां "जे राहिले त्यांचा विश्वास थोडा होता," असें सांगून आम्ही पुढें जातों. हें उत्तर सोपें खरें. पण तें न्यायाचें आहे काय?

इ. स. पूर्वीं ५८६ च्या सुमारास यरुशलेमाचा नाश झाला. ५३९ त पारसाचा राजा कोरेश ह्यानें बाबेल घेतलें, आणि लौकरच यहूद्यांस परत जाण्याची मोकळीक दिली. मध्यंतरीं जवळजवळ पन्नास वर्षें लोटलीं होतीं. जाणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं यरुशलेम डोळ्यांनीं पाहिलेंही नव्हतें. तरी एज्राच्या पुस्तकाप्रमाणें दासदासी सोडून ४२,३६० जण परतले. त्यांच्या धैर्याची थोरवी मुलांस अवश्य सांगावी.

परंतु बंदिवानांनीं घरें बांधावीं, मळे लावावे व त्या परक्या नगराचें हित चिंतावें, असें यिर्मयानेंच त्यांस पत्रानें कळविलें होतें. बाबेल देशांत सांपडलेल्या मातीच्या लेखांवरून यहूदी कुटुंबें तेथें शेती करीत व सरकारदेणें भरीत असत, असें दिसतें. ज्यांनीं आज्ञेप्रमाणें मूळ धरलें, त्यांस एकदम अविश्वासी कसें म्हणावें?

आणि एज्रा व नहेम्या हे तरी कोण? राहिलेल्यांच्याच घरांतले. नहेम्या तर शूशन राजवाड्यांत राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमाचा तट पडला आहे ही वार्ता ऐकून तो रडला, त्यानें उपास व प्रार्थना केली, आणि इ. स. पूर्वीं ४४५ त तेथें गेल्यावर ५२ दिवसांत तट पुरा करविला.

कोणी म्हणेल, "असें शिकविल्यास मुलांस त्याग नकोसा होईल." आम्हांस तसें वाटत नाहीं. निघालेल्यांस आसपासच्या लोकांनीं रुपें, सोनें व गुरें देऊन हात दिला, हेंही एज्राच्या पुस्तकांत आहे. त्याग जाणाऱ्यासही आहे व राहणाऱ्यासही आहे. ज्यानें यरुशलेमाची आठवणच टाकली, त्यास मात्र दोष द्यावा.

बंधुजनहो, आमच्यापुढें बसलेल्या कित्येक मुलांचे बाप व चुलते पोटासाठीं शहरीं गेले आहेत. राहिलेले सर्व अविश्वासी असें आम्ही म्हटलें, तर तें मूल आपल्या बापाविषयीं काय समजेल? म्हणून हा धडा घेतांना कोण कोठें राहिला एवढ्यावरून निवाडा करूं नये. त्याचें मन कोठें होतें, आणि हांक आली तेव्हां तो उठला कीं नाहीं, हें मुलांस विचारावें. आणि तोच प्रश्न आपण आपणांसही विचारावा.