फोटो कसा वाटला?

कुणी फोन पुढे करून “कसा वाटला?” असं विचारलं की उत्तर द्यायला फार तर तीन सेकंद मिळतात. त्याहून जास्त वेळ लावला तर समोरच्याचा चेहरा पडायला लागतो. म्हणून बहुतेक जण “मस्त” म्हणतात आणि फोन परत देतात. मी मात्र बरीच वर्षं स्वतःला दुसऱ्या गटात धरत होतो. खरं सांगणाऱ्यांच्या. त्याचा मला थोडा अभिमानही होता.

पुण्यात आमचा आठ-दहा जणांचा एक ग्रुप आहे. रविवारी सकाळी आम्ही फोटो काढत फिरतो. कधी कसबा पेठ, कधी मंडई, पावसाळ्यात वेताळ टेकडी. दोन तास फिरून झालं की एखाद्या अमृततुल्यमध्ये बसायचं आणि प्रत्येकानं त्या दिवसाचे तीन फोटो दाखवायचे. कुणाचंच पोट फोटोंवर चालत नाही. निम्म्या लोकांकडे तर कॅमेराही नाही, फोनच आहे.

या ग्रुपमध्ये एक काका यायला लागले. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मुलानं नवा फोन घेतला तेव्हा जुना यांच्याकडे आला, आणि त्यांना फोटोंचा नाद लागला. त्यांचे सगळेच फोटो धुरकट असायचे. दिवा असेल तर त्यातून तिरके पट्टे निघालेले, काळा रंग राखाडी झालेला. चार रविवार आम्ही ते फोटो बघितले आणि चारही रविवार “छान आहे काका” म्हणालो. खरं सांगणारा मीसुद्धा. नवीन माणूस, त्यात वयानं मोठा, हौसेनं येतो. कशाला दुखवा?

पाचव्या रविवारी मला राहवलं नाही. मी त्यांचा फोन घेतला, चष्मा पुसायच्या कापडानं मागची लेन्स पुसली आणि म्हणालो, “आता काढा.” काकांनी समोरच्या चहाच्या पातेल्याचा फोटो काढला. वाफसुद्धा वेगळी दिसत होती. लेन्सवर बोटांचं तेल बसतं, त्यानं प्रकाश विखुरतो आणि फोटो धुरकटतो. कारण एवढंच होतं.

काका जुना फोटो आणि नवा फोटो आलटूनपालटून बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे महिनाभर तुम्हा सगळ्यांना हे दिसत होतं?”

कुणीच काही बोललं नाही.

त्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर आणखी वाईट होतं. आम्हाला ते नीट दिसतही नव्हतं. “छान” म्हणायचं आधीच ठरलेलं असलं की बघायची गरज उरत नाही. आपण त्याला चांगुलपणा म्हणतो, पण त्यात समोरच्यासाठी खर्च केलेलं असं काहीच नसतं. ना लक्ष, ना वेळ.

इथपर्यंतची गोष्ट माझ्या बाजूची आहे. पुढची नाही.

त्या दिवशी मला चेव चढला. माझं रोजचं काम म्हणजे दुसऱ्याचा कोड वाचून त्यातल्या चुका दाखवणं आणि माझ्या चुका दुसऱ्यांकडून ऐकून घेणं. त्यामुळे माझ्या डोक्यात यादी आपोआप तयार होते. मी काकांना आठ मुद्दे सांगितले. लेन्स पुसा. दोन बोटांनी झूम करू नका, त्यानं फोटो नुसता कापून मोठा होतो, त्यापेक्षा चार पावलं पुढे जा. उजेड जास्त असेल तर स्क्रीनवर बोट ठेवून तो कमी करा. क्षितिज सरळ ठेवा. मुख्य गोष्ट मधोमध नको, एक तृतीयांशावर ठेवा. माणसाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवू देऊ नका. कडेला अर्धवट कापलेलं काही राहू देऊ नका. एका फोटोत एकच विषय ठेवा. काकांनी खिशातली छोटी डायरी काढली आणि आठही मुद्दे नंबर घालून लिहून घेतले.

तीन महिन्यांत त्यांचे फोटो सुधारले. खरोखर सुधारले. क्षितिज सरळ, कडा स्वच्छ, विषय बरोबर एक तृतीयांशावर. आणि एका रविवारी ते फोटो बघताना माझ्या लक्षात आलं की मला कंटाळा येतोय. ते माझेच फोटो होते, फक्त काकांनी काढलेले.

घरी येऊन मी ग्रुपवरचे त्यांचे जुने फोटो उघडले. धुरकट होतेच. पण जवळजवळ प्रत्येक फोटोच्या कडेला कुणीतरी अर्धं आत आलेलं होतं. एक हात आणि पिशवी. अर्धी सायकल. फोटोबाहेर जाणारं एक कुत्रं, फक्त मागचे पाय दिसणारं. असं वाटत होतं की फोटो काढून झाल्यावरही तिथली ये-जा चालूच असणार. माझ्या सातव्या मुद्द्यानं ही सगळी माणसं आणि कुत्री बाहेर काढली होती.

मी विचार करत बसलो की मी नेमकं काय चुकीचं बोललो. एकही वाक्य खोटं नव्हतं. मग?

खोटं बोलण्याबद्दल सर्वांत कडक भूमिका इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाची आहे. १७९७ साली लिहिलेल्या एका छोट्या निबंधात तो म्हणतो की खुनी माणूस दारात येऊन तुमचा मित्र कुठे लपलाय असं विचारत असेल, तरीही खोटं बोलण्याचा हक्क तुम्हाला मिळत नाही. गंमत अशी की त्याच साली लंडनमध्ये जॉन थॉमस स्मिथ नावाच्या एका चित्रकाराचं ग्रामीण दृश्यांवरचं पुस्तक आलं, आणि त्यात त्यानं एक तृतीयांशाचा नियम मांडला. म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यात आपण जी चार रेघांची जाळी चालू करतो, तिच्यामागचा नियम फोटोग्राफीचा शोध लागण्याआधीचा आहे. तो चित्रांसाठी एका माणसाला सोयीचा वाटलेला अंदाज होता.

म्हणजे मी काकांना आठ खऱ्या गोष्टी सांगितल्या नव्हत्या. तीन वेगवेगळ्या प्रकारच्या गोष्टी सांगितल्या होत्या. लेन्सवर तेल आहे, हे सत्य आहे. कुणीही कापड घेऊन पडताळून बघावं. एक तृतीयांशाचा नियम हा संकेत आहे. बऱ्याचदा उपयोगी पडतो, पण त्याला इतिहास आहे आणि अपवाद आहेत. आणि कडा स्वच्छ हव्यात ही माझी आवड आहे. मी या तिन्ही गोष्टी एकाच आवाजात सांगितल्या, लेन्स पुसणाऱ्या माणसाच्या आवाजात. खोटं शब्दांत नव्हतं, सुरात होतं.

सौंदर्याबद्दल हाच कांट वेगळं बोलतो. १७९० सालच्या त्याच्या ग्रंथात म्हटलंय की एखादी गोष्ट सुंदर आहे असं आपण म्हणतो तेव्हा सगळ्यांनी ते मान्य करावं अशी आपली अपेक्षा असते, पण ते नियमानं सिद्ध करून दाखवता येत नाही. मला हे वाचून बरं वाटलं आणि लाजही वाटली. कोडला टेस्ट असतात, त्या पास होतात किंवा फेल. तरीही ऑफिसात आम्ही किरकोळ सूचनेच्या आधी ‘निट’ असा शब्द लिहितो. त्याचा अर्थ असा की हे माझं मत आहे, पटलं तर घ्या, नाही तर सोडा. जिथे चूक सिद्ध करता येते तिथे मी एवढी काळजी घेतो. जिथे ती सिद्धच करता येत नाही, तिथे मी सरळ नंबर घातले.

याच्याही आधीचा एक प्रश्न मी विचारलाच नव्हता. हा फोटो कशासाठी काढलाय? रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकाचं ‘कॅमेरा ल्युसिडा’ हे फोटोग्राफीवरचं पुस्तक १९८० साली आलं. आई गेल्यानंतर त्याला तिचा पाच वर्षांची असतानाचा एक फोटो सापडतो, आणि पुस्तकाचा अख्खा दुसरा भाग त्या फोटोभोवती फिरतो. पुस्तकात इतर अनेक फोटो छापलेत. तो एक नाही. कारण वाचकाला तो कुठल्याही जुन्या फोटोसारखाच दिसला असता. माझी आई गावाहून जास्वंदीचा फोटो पाठवते, कोपऱ्यात तिचा अंगठा असतो. ती मला फुल उमललं हे सांगत असते. तिला अंगठ्याबद्दल सांगणं खरं असलं तरी ते तिच्या बोलण्याचं उत्तर नाही.

हे सगळं डोक्यात जुळवून मी पुढच्या रविवारी काकांना गाठलं. म्हटलं, तुमचे जुने फोटो मला जास्त आवडतात. मग माझी थिअरीही सांगितली. तुम्ही आयुष्यभर गाडीच्या दारात माणसं चढता-उतरताना बघितलीत, ती नजर त्या कडांमध्ये होती, आणि मी ती घालवली.

काका हसले. “नाही रे. माझा हात हळू होता. फोटो निघेपर्यंत माणूस निघून जायचा.”

मी गप्प झालो. मला जे कसब वाटलं होतं, ती त्यांच्या लेखी फक्त चूक होती. ती चूक सुधारावी असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि ती सुधारल्याचा त्यांना आनंद होता. पर्वतीवरून काढलेला शहराचा एक सरळ, स्वच्छ फोटो त्यांनी फ्रेम करून घरात लावला होता. तेव्हा मला माझ्या पश्चात्तापाचीही शंका यायला लागली. काकांनी कच्चंच राहावं, म्हणजे मला बघायला गोड वाटेल, ही इच्छा “छान आहे काका”पेक्षा कितीशी वेगळी? ज्याला शिकायचंय त्याच्यापासून शिकण्यासारखं काही लपवणं हाही एक प्रकारचा कमीपणाच देणं आहे.

म्हणून मी सांगणं थांबवलेलं नाही. फक्त क्रम बदललाय. आधी विचारतो, काय दाखवायचं होतं? मग मला काय दिसतंय ते सांगतो. चांगलं-वाईट नाही, नुसतं काय दिसतंय ते. डोळा आधी कुठे गेला, मग कुठे. बऱ्याचदा या दोन उत्तरांमधला फरकच पुरतो, पुढचं ज्याचं त्याला कळतं. उपकरणाची अडचण असेल तर ती स्पष्ट सांगतो, आणि लगेच सांगतो, चार रविवार थांबत नाही. संकेत असेल तर संकेत आहे म्हणतो. आवड असेल तर “मला” हा शब्द वापरतो. दर वेळी जमतंच असं नाही. तीन सेकंदांत यादी अजूनही तयार होते.

काकांना मी शेवटी एवढंच म्हणालो, “तुमचं बरोबर असेल. पण मला ते आवडतात.”

“आवडतात तर तू ठेव,” ते म्हणाले, आणि तिथेच बसून त्यांनी मला चौदा धुरकट फोटो पाठवले. त्यांच्या फोनमधून ते त्यांनी डिलीट केले. जागा लागते म्हणाले.