अर्ध्या भाषेतला माणूस

माझी पुतणी २०१७ च्या सप्टेंबरात चिनी भाषा शिकण्यासाठी बीजिंगला गेली. बडोद्यात तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झालेली, घरातल्या कोणत्याही वादात शेवटचा शब्द आपलाच ठेवणारी ही मुलगी. दोन महिन्यांनी दूरध्वनीवर म्हणाली, "काका, इथे मी पाच वर्षांची झाले आहे."

तिच्या म्हणण्याचा अर्थ हळूहळू कळत गेला. चिनी भाषेत उच्चाराबरोबर सूरही अर्थ ठरवतो. 'माय' हा शब्द खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात म्हटला तर 'विकत घेणे', आणि झपकन उतरत्या सुरात म्हटला तर 'विकणे'. पावसात भिजत दुकानात शिरून हिने, आपल्याला छत्री विकायची आहे, असे दुकानदाराला ठासून सांगितले. विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात 'मी मांस खात नाही' एवढे वाक्य ती पाठ करून गेली होती. वाढणाऱ्या बाईंनी मान डोलावली आणि फरसबीची भाजी वाढली. तिच्यात डुकराच्या मांसाचा खिमा पेरलेला होता. बाईंच्या लेखी एवढासा खिमा म्हणजे चवीपुरती गोष्ट. मांसाची व्याख्या काय, या प्रश्नावर मराठीत किंवा इंग्रजीत तासभर बोलू शकणारी मुलगी त्या दिवशी कोरडा भात खाऊन उठली.

परंतु तिची तक्रार या हालअपेष्टांची नव्हतीच. लोक फार चांगले वागत होते. 'कशा आहात?' एवढे विचारले तरी समोरचा हरखून म्हणे, 'तुमचे चिनी किती छान आहे!' यावर 'नाली, नाली', म्हणजे 'कुठे, कुठे?', असे विनयाने म्हणायचे असते, हेही तिला शिकवले होते. सहा महिन्यांत ही स्तुती तिला बोचू लागली. नुकते पाऊल टाकणाऱ्या मुलासाठी घरचे टाळ्या वाजवतात, तशी ती स्तुती होती. तिच्या बोलण्याकडे पाहून सगळे हसत. ती काय म्हणते आहे, याकडे लक्ष मात्र कुणाचेच नसे.

आता प्रश्न असा, की यात यजमानाचे चुकले काय? ज्याच्यापाशी शब्द नाहीत त्याच्याशी चर्चा करायची तरी कशी? हेटाळणीपेक्षा कौतुक बरे, हेही खरेच. तरीही मला वाटते, की ज्याच्याकडून आपण काहीच अपेक्षिले नाही त्याला आपण माणसांत धरलेलेच नसते. परदेशी माणसाला तिथे बोलताना 'लाओवाय' म्हणतात. 'लाओ' म्हणजे जुना, वडीलधारा, जवळिकीचा. 'वाय' म्हणजे बाहेरचा. शब्दात अपमान नाही. आम्हा मंडळींनाही गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या 'दक्षिणी' म्हणत आले आहेत. त्यातही अपमान नाही, पण दार कोठे आहे ते कळते.

याउलट उदाहरण आठवते ते ह्युएनत्संगाचे. सातव्या शतकात हा चिनी भिक्षू नालंदेत परदेशी विद्यार्थी म्हणून राहिला, वृद्ध शीलभद्रांपाशी शिकला. त्याचे संस्कृत किती छान आहे, असे म्हणून कोणी थांबले नाही. त्याला वादाला उभे केले. कनौजला हर्षाच्या सभेत त्याचा सिद्धान्त मांडला गेला आणि ज्याला तो खोडता येईल त्याने पुढे यावे, असे जाहीर करण्यात आले. पुढे महायानी त्याला 'महायानदेव' म्हणू लागले आणि हीनयानी 'मोक्षदेव'. परक्याला दोन पक्षांनी दोन नावे द्यावीत, हा मान स्तुतीतून मिळत नाही. त्यासाठी आधी कोणीतरी त्याच्याशी भांडावे लागते.

पुतणीच्या बाबतीत ते भांडण दुसऱ्या वर्षी झाले. आईवडिलांची सेवा या विषयावर तिने चिनीत पानभर निबंध लिहिला. बाईंनी नेहमीप्रमाणे चुका तांबड्या शाईने सुधारल्या आणि खाली एकच ओळ लिहिली: 'मला हे पटत नाही.' तासानंतर दोघी अर्धा तास वाद घालत बसल्या. हिची वाक्ये मोडकी, बाईंची सावकाश. त्या रात्रीच्या फोनवर तिचा आवाज निराळाच होता. सगळे सांगून झाल्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, "काका, आपल्या घरात आईला कधी कुणी खोडून काढलंय का हो?"

तिची आई, म्हणजे आमच्या वहिनी, नडियादच्या. गुजरातीत चहा स्त्रीलिंगी, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी त्या म्हणाल्या, 'चहा झाली.' ते वाक्य आमच्या घरात तीस वर्षे चालले. पाहुण्यांपुढे आम्ही ते म्हणून दाखवत असू, वहिनीही हसत. सगळे प्रेमानेच. १९९८ साली दांडिया बाजारातले जुने घर विकायचे ठरले, तेव्हा आम्ही भाऊ, बहिणी, एक मामासुद्धा आठ दिवस वाद घालत होतो. वहिनी चहा आणत होत्या. त्यांना काय वाटते, हे विचारावे असे मलाही सुचले नाही. बिचाऱ्यांना मराठी कुठे नीट येते, असे काहीसे मनात असावे. त्या पदवीपर्यंत अर्थशास्त्र शिकल्या होत्या, हे मला माहीत होते.

पुतणी २०१९ मध्ये परतली. त्यानंतरच्या दिवाळीत, फराळाची ताटे उचलली गेल्यावर, मी वहिनींना तो जुना प्रश्न विचारला. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि मग गुजरातीत बोलू लागल्या. पंधरा मिनिटे, न थांबता. भाव, व्याज, भाडेकरू, आणि सासूबाईंनी त्या घराविषयी एकट्या त्यांनाच सांगून ठेवलेली एक गोष्ट. विक्री चुकीची होती, असे त्यांचे मत होते आणि कारणे पक्की होती.

मला त्यांचे दोन मुद्दे पटले नाहीत. उत्तर द्यायला लागलो, तेव्हा लक्षात आले, की जन्म बडोद्यात जाऊनही माझे गुजराती भाजी, रिक्षा आणि बँक एवढ्यापुरतेच आहे. मी शब्द शोधत अडखळत राहिलो. वहिनी हसल्या नाहीत. वाक्य पुरे होईपर्यंत थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "नाही भावजी, ते तसं नाही."