गोणपाटावरील साक्ष
(२ शमुवेल, अध्याय २१, ओंव्या १ ते १४ वाचा.)

रिस्पेची गोष्ट आमच्या मंडळ्यांत फारशी सांगितली जात नाहीं. ती शौल राजाची उपपत्नी होती. शौलानें गिबोनी लोकांचा घात केला होता. त्याचें प्रायश्चित्त म्हणून त्याच्या घराण्यांतील सात पुरुष त्यांच्या हवालीं करण्यांत आले, व त्यांनीं त्यांस डोंगरावर टांगिलें. त्यांपैकीं दोघे रिस्पेचे पुत्र होते. तिनें राजाकडे अर्ज केला किंवा कोणाला शाप दिला असें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. तिनें एक गोणपाट घेतलें, तें खडकावर पसरलें, आणि सातूची कापणी सुरू झाली तेव्हांपासून पाऊस पडेपर्यंत तिनें दिवसा पांखरांस व रात्रीं श्वापदांस त्या प्रेतांजवळ येऊं दिलें नाहीं. ही गोष्ट दावीदाच्या कानीं गेली. तेव्हां त्यानें शौल व योनाथान यांच्या अस्थि याबेश-गिलादाहून आणविल्या, टांगलेल्यांच्याही अस्थि गोळा करविल्या, व त्यांस मूठमाती दिली. त्यानंतरच देवानें देशासाठीं केलेली विनंती ऐकिली.

येथें एक प्रश्न उद्भवतो, व तो आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस दररोज भेडसावणारा आहे. आपलें दुःख व आपणावर झालेला अन्याय चार लोकांच्या डोळ्यांपुढें मांडणें ही कुरकुर होय कीं साक्ष होय? ख्रिस्ती मनुष्यानें सोसावें व उगे राहावें, असें आपण पुष्कळ वेळां शिकवितों. तें सर्वथा खरें आहे काय?

ह्या प्रश्नाचा विचार करितांना दक्षिण अमेरिकेंतील चिली देशाची एक हकीकत वाचकांपुढें ठेवावीशी वाटते. ११ सप्टेंबर १९७३ रोजीं त्या देशाच्या लष्करानें सरकार उलथून पाडलें. राष्ट्राध्यक्ष आयेंदे हे त्याच दिवशीं मरण पावले, आणि जनरल पिनोशे यांची सत्ता सुरू झाली. त्यानंतर हजारों लोक पकडले गेले. कित्येकांस घरांतून किंवा रस्त्यावरून नेलें, आणि पुढें त्यांचा ठावठिकाणा लागला नाहीं. बायका व आया तुरुंगांच्या, इस्पितळांच्या व कचेऱ्यांच्या दारीं हिंडत. “असा कोणी मनुष्य आमच्याकडे नाहीं,” एवढेंच उत्तर मिळे. जो मेला त्याच्यासाठीं रडतां येतें, जो जिवंत आहे त्याची वाट पाहतां येते; पण जो नाहींच असें सांगितलें जातें त्याच्यासाठीं काय करावें?

ऑक्टोबर १९७३ मध्यें रोमन कॅथलिक, लूथरन, मेथडिस्ट इत्यादि मंडळ्या व यहुदी समाज यांनीं मिळून अशा कुटुंबांच्या साह्यार्थ एक समिति स्थापिली. लूथरन बिशप हेल्मुट फ्रेन्झ हे तिच्या दोघां अध्यक्षांपैकीं एक होते. ह्या समितीच्या आश्रयानें १९७४ सालीं सांतियागो शहराच्या गरीब वस्त्यांतील स्त्रिया एकत्र बसून शिवणकाम करूं लागल्या. घरांतला कमावता गेला होता, पोटाची सोय पाहिजे होती. नवीन कापड घेण्यास पैसा नव्हता. म्हणून त्यांनीं गोणपाटाचे तुकडे घेतले व त्यांवर चिंध्यांचीं चित्रें टांचूं लागल्या. गोणपाटास त्यांच्या भाषेंत “आर्पिलेरा” म्हणतात. तेंच नांव ह्या चित्रांस पडलें.

त्या चित्रांत मागें अँडीज पर्वताच्या रांगा व वर सूर्य बहुतकरून असे. खालीं त्यांनीं जें पाहिलें तें होतें: सर्व वस्तीची मिळून शिजणारी एक हंडी, पाणी तोडलेलीं घरें, शिपायांची गाडी, बंद झालेला कारखाना, आणि हातांत छायाचित्रें घेऊन “ते कोठें आहेत?” असें विचारणाऱ्या स्त्रिया. माणसें म्हणजे बोटाएवढ्या चिंध्यांच्या बाहुल्या. कधीं कधीं नाहींशा झालेल्या पतीच्या किंवा पुत्राच्या सदऱ्याचाच तुकडा त्यांत लाविलेला असे. कित्येकींवर पाठीमागें लहानसा खिसा करून त्यांत हकीकतीची चिठ्ठी घालीत. हीं कापडें मंडळीच्या द्वारें परदेशीं जात व तेथें विकलीं जात. वर्तमानपत्रांचीं तोंडें बंद होतीं. परंतु चिंधीचें तोंड बंद करण्याचें सरकारास प्रारंभीं सुचलें नाहीं. बायकांच्या शिवणकामाकडे कोण लक्ष देतो!

पुढें लक्ष गेलें. हीं कापडें देशाची बदनामी करणारीं आहेत असें म्हणूं लागले. फ्रेन्झ परदेशीं गेले असतां १९७५ मध्यें त्यांस परत येण्याची बंदी झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस समिति मोडावी लागली. लागलीच १ जानेवारी १९७६ पासून कार्डिनल राउल सिल्वा एन्रीकेझ यांनीं आपल्या चर्चच्या छत्राखालीं तें काम पुढें चालविलें.

आपण प्रॉटेस्टंट आहों, म्हणून आपल्या घरची गोष्टही झांकूं नये. त्या देशांतील कित्येक इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनीं डिसेंबर १९७४ मध्यें लष्करी सत्तेस जाहीर पाठिंबा दिला. आणि बिशप फ्रेन्झ यांच्या कार्यावरून लूथरन मंडळींत दोन तट पडून ती १९७५ मध्यें फुटली. अनेक सभासदांस बिशपानें बोलूं नये असें वाटत होतें. तेव्हां आमचा प्रश्न कांहीं नुसता तर्काचा नाहीं. त्यानें एक मंडळी दुभंगली आहे.

आतां आक्षेप पाहूं. पहिला असा कीं, कुरकुर करूं नये अशी प्रेषिताची आज्ञा आहे. होय, आहे. परंतु कुरकुर व विलाप यांत शास्त्र भेद करितें. इस्राएल लोक अरण्यांत आपापल्या तंबूंत बसून कुरकुरले. ती देवाच्या पाठीमागें केलेली भाषा होती, व तिच्यांत मिसरास परत जाण्याची इच्छा होती. स्तोत्रकर्त्यांनींही तक्रार केली, पण ती देवाच्या समोर केली, आणि ती मंडळींत गाइली गेली. कुरकुर काळोखांत बोलते, विलाप उजेडांत उभा राहतो. रिस्पा खडकावर बसली, तंबूंत नाहीं. हाबेलाचें रक्त भूमींतून ओरडलें, तेव्हां देवानें त्यास कुरकुर म्हटलें नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक भारी आहे. कापडही खोटें बोलूं शकतें. योसेफाच्या भावांनीं त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तांत बुडवून बापापुढें ठेविला. झगा खरा होता, रक्तही खरें होतें, परंतु साक्ष खोटी होती. आणि याकोब कमरेस गोणपाट गुंडाळून वर्षानुवर्षें नसलेल्या मरणाचा शोक करीत बसला. दुःखी मनुष्याचें बोलणें दुःखामुळेंच खरें ठरत नाहीं. नववी आज्ञा पीडितासही लागू आहे. म्हणून चिलींतील ह्या स्त्रियांची एक रीत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्या एकट्या न शिवितां मंडळींत बसून शिवीत. एकीनें काय चितारलें तें दुसरी पाही. आणि दुसरीनेंही तेंच सोसलेलें असल्यामुळें तिला फसविणें कठीण होतें. दोघां-तिघां साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी असें जें नियमशास्त्र सांगतें, तें येथें सुईदोऱ्यानें पाळलें गेलें. मार्च १९९० मध्यें लोकनियुक्त सरकार आलें. १९९१ सालीं चौकशीमंडळाचा अहवाल प्रसिद्ध झाला, व २,२७९ माणसें मारलीं गेलीं किंवा नाहींशीं झालीं असें त्यानें ठरविलें. पुढील चौकशांनीं ती संख्या तीन हजारांवर नेली. ज्यांस बदनामी म्हटलें तीं कापडें सत्य बोलत होतीं.

तिसरा आक्षेप, दुःख विकावें काय? आम्हांस वाटतें, उपाशी लेंकरांच्या आईनें आपल्या हातचें काम विकलें तर तिला दोष देऊं नये. मजुराला मजुरी मिळावी हें प्रभूचेंच वचन आहे. मात्र तेथें एक मोह आहे. गिऱ्हाइकास जें आवडतें तेंच शिवावें, असें हळूहळू वाटूं लागतें. पुढें प्रवाशांच्या बाजारासाठीं त्याच गोणपाटावर हंसरीं खेडीं व सुगीचे देखावे शिवले जाऊं लागले. देखावे सुंदर आहेत, व सुगीही खरी आहे. पण जी सुई केवळ विकत घेणाराकडे पाहते ती साक्षीदार राहत नाहीं, एवढें खरें.

एक आक्षेप उरतो, आणि तो बाहेरच्यांचा नसून आम्हां पाळकांचाच आहे. आठवण जागती ठेविली तर क्षमा कशी होणार? ह्याविषयीं आमच्याच हातून घडलेली चूक येथें कबूल करितों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या मंडळींतील एक विधवा उपासनेनंतर आमच्याकडे आली. दिरांनीं तिच्या वाटणीचें शेत बळकाविलें होतें. आम्ही घाईंत होतों. “बाई, सोडून द्या, क्षमा करा, प्रार्थना करा,” असें आम्हीं सांगितलें. ती म्हणाली, “पाळकसाहेब, क्षमा करायला मी तयार आहे. पण काय क्षमा करायचं आहे, तें कोणी ऐकून तरी घ्याल का?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. एली याजकानें हन्नेच्या हालणाऱ्या ओंठांकडे पाहून तिला मद्यपी ठरविलें, त्याच पंक्तीस आम्ही बसलों.

दुसऱ्या आठवड्यांत आम्ही तिच्या घरीं गेलों. ओसरीवर गोधडी पसरलेली होती. आपल्याकडे घरोघर शिवतात तशीच ती होती: खालीं जुन्या लुगड्यांचे थर, वर ठिगळें, आणि कडेपासून आंत फिरत जाणारा धांवदोरा. तिच्यावर चित्र नव्हतें. पण ती एकेका ठिगळावर बोट ठेवून सांगूं लागली: हा धन्याच्या सदऱ्याचा बाह्या, ह्या सालीं विहिरीचें काम केलें, हें सासूचें लुगडें, तिनें ह्या बांधापर्यंतची जमीन आपल्या तोंडानें आम्हांस दिली. दोन तास आम्ही ऐकत बसलों. नंतर मंडळीच्या दोघां वडिलांस घेऊन दिरांकडे गेलों. सर्व न्याय झाला असें म्हणतां येणार नाहीं. अर्धें शेत परत मिळालें, अर्ध्याचें भांडण अजून चालू आहे. परंतु त्या दिवसानंतर ती बाई पुन्हां दिरांच्या शेजारीं बसून प्रभुभोजन घेऊं लागली. आम्हीं तिला उगी राहावयास सांगितलें तेव्हां तें घडलें नव्हतें. तिचें ऐकून घेतलें तेव्हां घडलें.

यावरून आम्हांस असें दिसतें कीं, क्षमा ही विसरण्याची बहीण नव्हे. ज्या कर्जाचा आंकडा कोणी वाचलाच नाहीं तें माफ करतां येत नाहीं. आंकडा वाचून मग कागद फाडणें, ही क्षमा. प्रभु पुनरुत्थित झाला तरी त्याच्या हातांवरील खिळ्यांच्या खुणा राहिल्या. थोमास त्या दाखवितांना त्याच्या मनांत सूड नव्हता, परंतु खुणाही झांकलेल्या नव्हत्या.

चिलींत अजून हजाराहून अधिक नाहींशा झालेल्यांच्या अस्थि मिळालेल्या नाहींत. त्यांच्या शोधासाठीं सरकारानें २०२३ सालीं एक राष्ट्रीय योजना हातीं घेतली. म्हणजे दावीद उठला खरा, पण पन्नास वर्षांनीं. रिस्पेचें गोणपाट तोंवर खडकावरच होतें.

प्रिय उपदेशक बंधूंनो, यापो येथें पेत्र आला तेव्हां विधवांनीं त्यास दुर्कशीनें केलेलीं वस्त्रें दाखविलीं. तो प्रेषित होता, त्याला प्रार्थना करावयाची होती, तरी त्या दाखवीपर्यंत तो थांबला. आपणही थांबूं या. ह्या आठवड्यांत घरभेटीस जाल तेव्हां एखाद्या ओसरीवर गोधडी शिवणारी बाई भेटेल. वचन वाचण्यापूर्वीं तिच्याजवळ बसा, आणि हें ठिगळ कोठलें, एवढें विचारा. आणि भगिनींनो, तुम्ही सांगाल तें खरें सांगा, न वाढवितां व न लपवितां. कारण जो ऐकतो तो केवळ पाळक नव्हे, तर अंतःकरणें पारखणारा प्रभु आहे.